हजेरी चालू होती, मी मुतारी धूत होते

माझं नाव पुकारलं तेव्हा माझ्या हातात खराटा होता.

पाचवीचा वर्ग. चाकूर तालुक्यातलं आमचं गाव, जिल्हा परिषदेची शाळा. लातूरहून साहेब तपासणीला आलेले. आत सगळी पोरं मांडी घालून, हाताची घडी करून बसलेली. मी खिडकीच्या मागे, मुतारीत. सरांनी सकाळीच बजावलं होतं, "साहेब जाईस्तोवर आत पाय ठेवायचा न्हाई. मुतारी धू. मग टाकी धू. टाकी झाली की पुन्ना मुतारी धू."

साहेब स्वतः हजेरी घेत होते. एकेक नाव, एकेक "हजर". खिडकी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं. माझं नाव आलं. मी तोंड उघडलं. सवयच ती. नाव आलं की हजर म्हणायचं.

सर आधी बोलले. "गैरहजर हाय साहेब. लई दांड्या मारती. घरचं वातावरण तसलंच, काय करावं."

साहेबांनी मान हलवली असेल. मला दिसलं नाही. पुढचं नाव आलं, त्या पोरीने हजर म्हटलं. मी फरशी घासत राहिले. तोंड उघडंच राहिलं होतं, ते नंतर कधीतरी मिटलं.

इथे मी लिहायला हवं की मला फार लागलं, मी रडले. तसं काही झालं नाही. खोटं कशाला लिहू? मला बरं वाटत होतं. हात चालत होते, पाय चालत होते, बादलीतलं पाणी हलत होतं. कोणी "नीट बस" म्हणत नव्हतं. वर्गात बसणं ही माझ्यासाठी शिक्षा होती आणि मुतारी ही सुटका. अपमान झाला हे मला कळायला तीस वर्षं लागली. माणूस इतका बधिर असतो.

माझं दुखणं सोपं होतं. मला बसता येत नव्हतं. सर फळ्यावर गणित मांडायचे, पहिली ओळ मला कळायची, दुसऱ्या ओळीपर्यंत मी बाहेरच्या लिंबावर पोचलेली असायची. मधेच उठायचे. मधेच बोलायचे. दप्तरात पाटी असायची तर पेन्सिल नसायची, पेन्सिल असायची तर दप्तरच घरी. सर म्हणायचे, "हिच्या बुडात इंगळी हाय." इंगळी म्हणजे मोठा विंचू. सगळा वर्ग हसायचा. मीही हसायचे. मग सर म्हणायचे, "ऊठ. झाडू घे."

आमच्या वर्गात असाच आणखी एक होता. गावातल्या मोठ्या घरचा. त्यालाही बसवायचं नाही, तोही मधेच उठून पळायचा, त्याच्याही वह्या हरवायच्या. त्याला सर म्हणायचे, "वाघ हाय वाघ. कोंडून ऱ्हाईल का?" आणि त्याला घंटा द्यायला पाठवायचे. आमची घंटा म्हणजे लिंबाला तारेने टांगलेला रुळाचा तुकडा आणि एक लोखंडी गज. तो पळत जायचा, टोल द्यायचा, पळत यायचा. अंगातली वाफ निघून गेली की तासभर गप बसायचा. शहाण्यासारखी गणितं सोडवायचा.

दुखणं एकच होतं. त्याला घंटा, मला झाडू.

मी घरी जाऊन मायला आनंदाने सांगितलं, "सरांनी मला काम दिलं. साहेब आले व्हते तरी मलाच दिलं." माय भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. कसलं काम, तिने विचारलं. मी सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिने उलथली नाही. माझा बाप तहसीलात शिपाई होता. घरात दोन वेळ खायला होतं, विहारात रविवारी वंदना होती, आणि मायचं एकच म्हणणं होतं की आपल्या हातातला झाडू आपल्या आज्यापाशी संपला.

ती म्हणाली, "उद्यापासून झाडू धरायचा न्हाई. सरांनी मारलं तर मार खा. पण धरू नको."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला सर म्हणाले, "ऊठ, झाडू घे." आणि मी घेतला. कोणी मारलं नव्हतं. धमकी नव्हती. बसून बसून मांड्यांना मुंग्या आल्या होत्या, डोकं भणभणत होतं, आणि समोर उठायची एकच वाट होती. ती वाट झाडूची होती. मायचा शब्द मी एका दिवसात मोडला. तिला कधी सांगितलं नाही. ती गेली. आता सांगायला कोणी नाही.

पुढचं थोडक्यात. दहावीनंतर लातूरला मावशीकडे राहून शिकवणी. तिथे गुणांप्रमाणे तुकड्या. मी सगळ्यात खालच्या तुकडीत, सगळ्यात मागच्या बाकावर. तिथले सर म्हणाले, "डोकं हाय पोरीला, पण नियत न्हाई." मी मावशीच्या गच्चीवर फेऱ्या मारत पाठ करायचे. चालले तर लक्षात राहायचं, बसले तर नाही. शेजारच्या बायका मावशीला विचारायच्या, पोरीला काही बाहेरचं झालंय का. कशीबशी बारावी, मग डी.एड., मग ही नोकरी. मुदखेडजवळच्या एका गावात, पुन्हा जिल्हा परिषदेचीच शाळा. शिक्षिकेला दिवसभर उभं राहता येतं, फिरता येतं. मी ही नोकरी का धरली असं कोणी विचारलं तर मी सेवा वगैरे सांगते. खरं कारण हे आहे.

दोन वर्षांपूर्वी आमचं प्रशिक्षण होतं. एक विशेष शिक्षिका नांदेडहून आल्या होत्या. बाई बारीक, आवाज हळू. त्यांनी फळ्यावर लिहिलं: एडीएचडी. मागच्या रांगेतले एक गुरुजी मोठ्याने म्हणाले, "मॅडम, आमच्या काळी याला दोन थापडा म्हनायचे." हशा झाला. बाई हसल्या नाहीत. बोलायला लागल्या.

हे लेकरू मुद्दाम करत नाही, त्या म्हणाल्या. आळशी नाही, उद्धट नाही, घरच्यांनी लाडावलेलं नाही. त्याच्या मेंदूची घडण वेगळी. लक्ष नसतं असं नाही, लक्ष हवं तिथे टिकवता येत नाही. काही पोरी तर उठतही नाहीत, नुसत्या खिडकीबाहेर बघतात आणि आपण त्यांना मठ्ठ म्हणून मोकळे होतो. अशा लेकराला पुढे, तुमच्या टेबलाजवळ बसवा. एका वेळी एकच गोष्ट सांगा. मोठं काम तुकडे करून द्या. चुकलं तर सगळ्यांसमोर नाही, जवळ जाऊन हळू आवाजात बोला. तुम्ही डॉक्टर नाही, म्हणून शिक्का मारू नका, आईबापाला सांगून जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवा. आणि त्याला हालचालीचं काम द्या. उठू द्या. फिरू द्या.

सगळे लिहून घेत होते. माझा पेन थांबला होता. मी चाळीस वर्षांची बाई, आणि फळ्यावर माझीच कुंडली मांडलेली. शेजारची मॅडम म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. खरंच काही झालं नव्हतं. रडू आलं नाही, राग आला नाही. नुसतं थंड. जेवणाच्या सुट्टीत मी डबा खाल्ला, सगळ्यांबरोबर चहाही घेतला.

माझ्या वर्गात तेव्हा रोशनी होती. तिसरीत. वर्गात असून नसल्यासारखी, नाहीतर मग असून सगळ्यांना नको झालेली. दुसऱ्याच्या वहीत लिहायची, मधेच गाणं म्हणायची, तिला वाक्य अर्धं ऐकू यायचं. तिची आई काकड्याच्या, मोगऱ्यासारख्या पांढऱ्या फुलांच्या तोडणीला जायची, पहाटे तीही आईबरोबर जायची. वाचताना दोन ओळी न टिकणारी ही पोर वाफ्यात तासभर मान वर करायची नाही, असं तिची आई सांगायची. बौद्धवाड्यातली. म्हणजे आमच्यातली.

मला वाटलं, हिला मी ओळखते. माझ्याएवढं कोण ओळखणार? प्रशिक्षणात सांगितलं तसं सगळं सुरू केलं. पुढे बसवलं. हालचालीचं काम दिलं. आधी फळा पुसायला दिला, मग खडू आणायला, मग शेजारच्या वर्गात निरोप. पोर खुलली. काम झालं की दहा मिनिटं वाचायला बसायची. मी मनात त्या नांदेडच्या बाईंचे आभार मानले.

आमच्या शाळेला शिपाई नाही. वर्ग पोरंच झाडतात. भिंतीवर पाळीचा तक्ता होता, सहा वारांची सहा नावं. मग एका पोरीची आई आली, "माझ्या पोरीला धुळीनं शिंका येतात, तिचं नाव काढा." काढलं. एकाचे वडील म्हणाले, "आमच्या घरात पोराला केरसुणी धरू देत न्हाईत." त्याचंही काढलं. एकेक नाव गेलं. कोणाचं भांडण नको म्हणून मी प्रत्येक वेळी म्हणायचे, राहू द्या, रोशनी करेल. तिला आवडतं. तिला गरज आहे.

आणि तिला आवडतच होतं. तोच तर घोटाळा आहे. झाडू हातात घेतला की तिचे डोळे चमकायचे. मी ते बघून खूश व्हायचे. मला वाटायचं, मी हिला समजून घेतलं. तक्त्यावर सहाही वारांना एकच नाव राहिलं आणि ते रोज माझ्या नजरेसमोर होतं. माझ्या अक्षरातलं.

एक दिवस मधल्या सुट्टीत तिची आई आली. थेट शेतातून आली असावी, अंगाला काकड्याचा वास येत होता. दारातच उभी राहिली.

"जयभीम ताई."

"जयभीम. या ना आत."

आत आली नाही. म्हणाली, "रोशनी लई खूश हाय. म्हनती, बाईनी मलाच काम दिलं. रोज मलाच देतात. म्हनून आले."

मी हसले. मला वाटलं, आभार मानायला आली.

"वर्गात दुसरी लेकरं न्हाईत का ताई?"

मी सांगायला लागले. प्रशिक्षण, हालचाल, मेंदू. ती ऐकून घेत होती. मग तिने भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं. तिला वाचता येतं, मला माहीत नव्हतं.

"दुसऱ्या कोनी बाई असत्या तर भांडले असते," ती म्हणाली. "तुमी आपल्यातल्या हाव, म्हनून नुसतं इचारायले."

आणि गेली. उत्तरासाठी थांबली नाही. मी खुर्चीत बसले. मी, जिला बसवत नाही, ती पूर्ण सुट्टी हलले नाही. "सरांनी मला काम दिलं." "बाईनी मला काम दिलं." त्या सरांचं तोंड मला नीट आठवत नाही आता. पण त्या दिवशी मला ते दिसलं. माझंच होतं.

मला माझी लाज वाटली. लाज हा शब्द लिहायला सोपा आहे. माझ्या मायची भाकरी करपली होती ती मी रोशनीच्या आईच्या तव्यावर करपवली, आणि वर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र भिंतीला लावलं.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. चुकले म्हणाले. तिने पाणी दिलं. मग मी दवाखान्याचं सांगितलं. ती घाबरली. "येडी हाय का माझी पोरगी?"

"नाही. मीही अशीच होते. मी येडी वाटते का?"

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाली, "थोड्या." पहिल्यांदाच आम्ही दोघी हसलो. नंतर आम्ही तिघी नांदेडला गेलो, दोनदा, तीनदा. डॉक्टरांनी आईशी बोलून, शाळेतली माहिती माझ्याकडून भरून घेऊन, शांतपणे तपासलं. हो, एडीएचडीच. त्यावर औषध घ्यायचं की नाही, कधी घ्यायचं, ते त्यांचं आणि तिच्या आईचं चाललं आहे. शाळेचं काम माझं आहे.

मग या वर्षी तपासणी आली. पोरं वरच्या वर्गात गेली, तशी मीही त्यांच्याबरोबर वर आले होते. तालुक्याचे साहेब येऊन पोरांचं वाचन घेणार होते. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नाही. माझ्या बाळंतपणात माझा वर्ग त्यांनीच सांभाळला होता. म्हणाले, "मॅडम, ती रोशनी सगळ्या वर्गाचं वाटोळं करती. उद्या तिला मागं मैदान झाडायला पाठवा. हजेरीत गैरहजर टाकून द्या. एका लेकरानं काय फरक पडतोय?"

मैदान मागे. खिडकी तीच. शब्द तोच.

मी म्हटलं, "नाही सर."

"काय न्हाई?"

"ती शाळेत असेल तर हजर लिहीन. आणि ती शाळेत असणार आहे. झाडू तिच्या हातात देणार नाही. उद्याची घंटा ती देईल."

आमच्याकडेही रुळाचाच तुकडा आहे, मुदखेडला रुळांना तोटा नाही. आणि घंटा चौथीतला एक मोठ्या घरचा पोरगा देतो, वर्षभर, तक्ता वगैरे काही नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "तुमी आपल्या लोकांचं पुढं पुढं करायलाव, असं लोक म्हनतील." मी म्हटलं, आजवर मागं मागं केलं, तेव्हा कोणी काही म्हटलं नाही. माझा आवाज चढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. हजेरी झाली. रोशनीचं नाव आलं, ती उभी राहून ओरडली, "हजर!" तीन वेळा ओरडली. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. वाचायची पाळी आली तेव्हा ती माझ्या टेबलाजवळ उभ्याने, एक पाय हलवत, चार ओळी वाचून गेली. पाचव्या ओळीला अडकली, खिडकीबाहेर बघायला लागली. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मधल्या सुट्टीची वेळ झाली. मी तिच्याजवळ गेले, हळू म्हटलं, "दोन टोल." ती पळाली.

दोन झाले. मग तिसरा. मग चौथा. मग तिला राहवलंच नाही. लोखंडावर लोखंड, टण टण टण, थांबायचं नाव नाही. आमच्या शाळेत लांब घंटा म्हणजे शाळा सुटली. सगळे वर्ग दप्तरं घेऊन फुटले. पोरं साहेबांच्या दोन्ही बाजूंनी ओरडत फाटकाबाहेर गेली. साहेब हातात वही घेऊन व्हरांड्यात उभे. मुख्याध्यापकांनी डोक्याला हात लावला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू त्यांचंच खरं झालं होतं.

मी घंटेच्या झाडाखाली गेले. रोशनी गज हातात धरून उभी होती. मला बघून तिने खांदे कानापर्यंत वर घेतले, डोळे मिटले. थापडीची वाट बघत होती. थापड आली नाही म्हणून एक डोळा उघडला.

"बाई, आता झाडू देणार?"

एवढंच विचारलं तिने. रडत नव्हती. म्हणजे तिला माहीत होतं. आवडत होतं तरी माहीत होतं. मलाही तेव्हा माहीतच असणार. तीस वर्षं मी म्हणत आले की मला काही वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, "नाही. उद्या पण घंटा तूच द्यायची. मी शेजारी उभी राहीन. दोन झाले की गज माझ्या हातात द्यायचा."

तिने गज माझ्या हातात दिला. जड होता. लहानपणी त्या रुळाला मी कधी हातसुद्धा लावला नव्हता.

आठ दिवसांनी मला नोटीस आली. शिस्तभंग का समजू नये, सदर विद्यार्थिनीबाबत दिलेल्या तोंडी सूचनेचं पालन का केलं नाही, खुलासा करावा. शेजारच्या मॅडम म्हणाल्या, माफी मागून टाका, दोन ओळीत मिटेल. मी एकच ओळ लिहिली: सदर विद्यार्थिनी त्या दिवशी हजर होती, म्हणून हजर लिहिली. खाली सही केली आणि खुलासा दिला. पुढे काय होईल माहीत नाही. बदली होईल, जिल्ह्याच्या टोकाला टाकतील, आणखी कुठे टाकतील. तिथेही हजेरीपट असेल.

आमच्या शिक्षण परिषदेत आता मला दर वेळी या लेकरांवर बोलायला सांगतात, कारण माझ्याकडे प्रमाणपत्र आहे. मी सगळं सांगते. पुढे बसवा, हळू बोला, एकेक गोष्ट सांगा, हालचालीचं काम द्या. मग सांगते की काम देताना आधी बघा, तेच काम तुम्ही साहेबाच्या पोराला दिलं असतं का. नसेल दिलं, तर ते तुम्ही लेकराला समजून घेतलेलं नाही. तुम्ही फक्त त्याची जागा त्याला दाखवली आहे. हे मी स्वतः केलं आहे, हेही सांगते. तिथे सगळे मान खाली घालतात. घालू द्या.

पाळीचा नवा तक्ता मी भिंतीवर लावला आहे. वर्गातली सगळी नावं आहेत त्यात, शिंका येणारी, केरसुणी न धरणारी, सगळी. रोशनीचं महिन्यातून एकदा, बाकीच्यांसारखंच. पहिल्या आठवड्याचा सोमवार माझा आहे. मंगळवार मुख्याध्यापकांचा. त्यांना वाटलं तर त्यांनी यावं, नाही वाटलं तर येऊ नये. मंगळवारी वर्ग घाण राहिला तर घाण राहील. घाणीत बसून शिकवीन, पण त्यांच्या वाटचा झाडू रोशनीच्या हातात देणार नाही.